दगूबाईची भेसळ

दगूबाईने चुलीवरचा तवा उतरवला, तेव्हा ओट्यावर चार-पाच हात आधीच पसरलेले होते. शहाद्याजवळच्या त्या गल्लीत सकाळ उजाडायची ती दगूबाईच्या मिशरीने. तमाखू काळीभोर भाजायची, कुटायची, आईच्या पितळी डबीत भरायची आणि चिमूटचिमूट वाटायची. मग बायका दात घासता घासता, होऊ घातलेल्या साखर कारखान्यापासून कुणाच्या सुनेपर्यंत, अख्खं गाव धुऊन काढायच्या.

पण आज डबीत निम्मा बाभळीचा कोळसा होता, आणि हे एकट्या दगूबाईला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात दाढ दुखते म्हणून नवरा, हिंमतराव, तिला शहाद्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी दाढ राहू दिली आणि आरशात गालातला पांढरा चट्टा दाखवला. मिशरी आजच सोडा, म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही. नाहीतर याचा कॅन्सर होऊ शकतो. दगूबाईने आरसा पुन्हा जवळ ओढला. तिची आई जसोदाबाई गालाच्या जखमेनेच गेली होती; शेवटी तिला पेजही गिळवत नव्हती.

दगूबाईने मिशरी सोडली. डोकं ठणकलं, हिंमतरावावर भांडी आपटून झाली, पण सोडली. प्रश्न अनुसयाबाईचा होता. माहेरापासूनची मैत्रीण, शेजारच्याच घरात दिलेली, आणि तिच्याही गालात तसलाच चट्टा. सांगून पाहिलं तर ती हसली. डॉक्टर उद्या मिरचीही सोडायला सांगतील, म्हणाली. सरळ बोटाने तूप निघत नाही, हे दगूबाईने ओळखलं. दर बाजाराला तमाखू थोडी कमी, कोळसा थोडा जास्त, वर मीठ आणि ओवा.

बायका कुरकुरू लागल्या. मिशरीत दम नाही. दगूबाईने खापर रतिलाल दुकानदाराच्या तमाखूवर फोडलं. डाळीत खडे घालणाऱ्या रतिलालवर कोण विश्वास ठेवणार? बायकांनी त्याला दुकानात जाऊन फैलावर घेतलं. बिचारा जन्मात पहिल्यांदाच निर्दोष होता. शेवटी एका सकाळी तोच तणतणत ओट्यावर आला, डबीतली चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"हाई तमाखू नही शे. निव्वळ कोयसा शे."

दगूबाईची मान खाली गेली. आता अनुसया दुसरीकडून मिशरी आणणार, सगळं मुसळ केरात.

अनुसयाबाईने सावकाश चूळ भरली. "मले दिवाईपासून ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"मंग बोलनी का नही?" दगूबाईने मान वर केली.

"बोलीसन काय करू? मी आठे मिसरीसाठे नही येस, तुन्हासाठे येस."

दगूबाईला रडू आलं आणि हसूही आलं. बाकीच्या तर हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. रतिलालला गुळाचा चहा पाजून बायकांनी त्याची समजूत काढली. खड्यांची माफी मात्र कुणी दिली नाही.

उन्हाळ्यात दोघी जोडीने शहाद्याला गेल्या. डॉक्टरांनी दोघींच्या तोंडात बॅटरी मारून पाहिली. चट्टे विरले होते. दाढ तेवढी शिल्लक होती, ती उपटून झाली. गाल धरून दगूबाई एसटीत बसली, आणि अनुसयाबाई तिच्या नाकासमोर खारे दाणे खात घरापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दगूबाईने कोळसा कुटला. पितळी डबी तिने कितीदा घासली होती, तरी झाकणाच्या कडेत आईच्या तमाखूचा वास अजून होता. तिने झाकण क्षणभर नाकाशी धरलं. मग डबी काठोकाठ भरली आणि ओट्यावर आली. हात पसरलेलेच होते.