विटलेल्या रंगाचा धागा

"आधी तो दिवा विझवा," खुर्चीत आडवी होताच ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या हातात दातांच्या रंगांची पट्टी होती. नकली दातांची रांगच, एकाहून एक पिवळा. "दिवा विझवला तर मला दिसणार कसं, मावशी?"

"खिडकीपाशी चला. दिव्याखाली रंग फसवतो. तीस वर्षं रफू करतेय मी, दिव्याखाली जुळवलेला धागा सकाळी हमखास वेगळा निघतो."

"आज पेशंटच डॉक्टर!" नर्स हसली. पण तिघीही खिडकीपाशी गेल्या.

पुढचे दोन दात जिथे एकमेकांना टेकतात, तिथेच कीड लागली होती. दोन्हीकडे काळी भोकं.

"इतकी वर्षं अंगावर का काढलंत?"

"दुखत नव्हतं ना."

दुखत नव्हतं हे खरं. पण फोनवर मुलाचा चेहरा दिसला की तिचे ओठ आपोआप मिटायचे. तीन वर्षांपूर्वी त्याने दूरदेशी परस्पर लग्न उरकलं, आणि त्याच सुमारास दात काळे पडू लागले. तिचा राग आठवड्याभरात ओसरला होता. सुनेच्या नावाने ती रोज देवापुढे हात जोडत होती. पण मिटलेल्या ओठांनी "कसला राग रे" म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? आणि दात किडलेत, हे सांगायची तिला लाज वाटायची. शेवटी गेल्या रविवारी तो म्हणाला, "पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी येतोच मी. तुझ्यासमोर बसून माफी मागतो." तेव्हा कुठे ती दवाखान्याची पायरी चढली. दार उघडताना आपण तोंडभर हसलेलं त्याला दिसावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"हा घेऊ या," डॉक्टरीणबाईंनी पट्टीतला उजळ दात पुढे केला. "दहा वर्षांनी लहान दिसाल."

"नको गं बाई. कोट विटलेला असला की धागाही विटलेलाच लागतो. नवा लावला तर रफू लांबून ओरडतं." तिने पट्टीवरून बोट फिरवलं आणि एका फिकट, चहाची किंचित झाक असलेल्या दातावर थांबवलं. "हा. पण थांबा, तो तोंडातला कापूस काढा आधी. जीभ फिरवू दे. कोरडं कापड वेगळं दिसतं, ओलं वेगळं."

डॉक्टरीणबाई चकित झाल्या. "खरंय. वाळलेला दात पांढरा दिसतो. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात, मावशी."

"आम्हाला गिऱ्हाईक शिकवतं. शिव्या देऊन."

तासाभराने तिने आरशात पाहिलं. जोड कुठे आहे, ते तिलाही सापडेना.

रविवार अजून नऊ दिवस लांब होता. तेवढा दम तिला धरवला नाही. घरी येऊन तिने चप्पलही न काढता स्वतःहून फोन लावला, आणि पहिल्यांदाच पूर्ण चेहरा समोर धरला.

"आई?" तो बघतच राहिला. "अगं, तू हसतेयस!"

"मग काय रडू?"

"एऽ, इकडे ये, आई हसतेय बघ!" त्याने बायकोला ओढत आणलं. सून लाजत हात हलवून गेली. मग त्याने मोठा श्वास सोडला. "गेला वाटतं राग. खरं सांगू? जिवाला घोर लागला होता माझ्या."

राग नव्हताच, दात होते, हे ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा किती दिवसांनी असा मोकळा झाला होता.

"गेला," ती म्हणाली.

"हुश्श! बरं झालं. आई, सुट्टीसाठी साहेबांच्या किती हातापाया पडलो होतो मी. तू चिडलेली, म्हणून काहीही करून निघणार होतो. आता घाई नाही ना? पुढच्या वर्षी दोघं सावकाश येऊ. चांगले महिनाभर राहू. चालेल ना?"

"चालेल की."

"नक्की?"

"अरे, नक्की. जेवलास का?"

"जेवतो आता. अशीच हसत राहा हं."

त्याने लाल बटण दाबेपर्यंत ती तशीच हसत राहिली.