तीन कड्यांची वाट

ऑफिसात तिला सगळे दशांशताई म्हणत आणि तिला ते आवडायचंही, उगीच खोटं कशाला बोला. जुन्या मोजणीच्या नकाशांवर अंतरं साखळ्यांत लिहिलेली. शंभर कड्यांची एक साखळी, आणि एक कडी म्हणजे दोनशे एक मिलिमीटर आणि वर थोडंसं. ते 'थोडंसं' दुसऱ्या कुणीही सोडून दिलं असतं. ही बाई नाही सोडायची. कड्यांचे मिलिमीटर करायचे, खाली सही ठोकायची आणि पुढचा नकाशा ओढायचा, हेच तिचं काम. नकाशांवर मालकांची नावं नसत, नुसते क्रमांक. कुणाचं कुंपण, कुणाची मोरी, तिला काय त्याचं?

आणि असंच एके दिवशी तिने स्वतःच्या घराची वाट मोजून दिली. तिला पत्ताही नव्हता.

तिचं घर मागच्या बाजूला. रस्त्यावर यायचं तर एका अंगाला पुढच्या घराची भिंत, दुसऱ्या अंगाला शेजारची रिकामी जागा, त्यांच्या मधल्या वाटेवरून. जागा रिकामी होती तोवर वाटेला रुंदीच नव्हती, हवं तिथून चाला. आईची चाकाची खुर्ची रोज संध्याकाळी तिथून नाक्यावर जायची. नाक्यावर आईचं राज्य. आल्यागेल्याची खबर घेणं, भाजीवाल्याला टोमणे मारणं, कुणाच्या सुनेचं कौतुक, कुणाच्या मुलाची हजेरी. पाय गेले होते, जीभ शाबूत होती.

मग जागा विकली गेली आणि नव्या शेजाऱ्याने भिंतीसाठी दोरी बांधली. ती दोरी बघून ही तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, एवढीशी वाट ठेवलीत? आईची खुर्ची जाणार कशी?"

"ताई, माझ्या मनचं नाही हो," शेजारी म्हणाला. माणूस भला होता, हीच तर पंचाईत. "भिंत हद्दीवरच हवी, नाहीतर घराचा परवाना अडतो. वाट तीन कड्यांची. सहाशे तीन मिलिमीटर आणि काहीतरी पॉइंट. तुमच्याच ऑफिसने काढून दिलंय."

'काहीतरी पॉइंट' ऐकल्यावर सही कुणाची ते विचारायची गरज उरली नाही.

तिने घरी येऊन खुर्ची मोजली. सहाशे चाळीस. अरुंद खुर्ची आणून पाहिली, तर तीत आई मावेना. चौघांनी उचलून न्यायचं म्हटलं तर आई कडाडली, "मी काय धान्याचं पोतं आहे?"

शेवटी ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"यात अवघड काय आहे? तुम्हालाही माहीत आहे, मलाही. जुने मोजणीदार पुऱ्या कड्या मोजायचे, वरचा तुकडा सोडून द्यायचे. तीन कड्या म्हणजे तीन, सव्वातीन, पावणेचार, काहीही. तसं लिहून द्या, मी खाली सही करतो."

"लिहू?"

"लिहा की. मात्र एका वाटेपुरतं लिहिता येणार नाही. तुमचे सगळेच आकडे पुन्हा उघडावे लागतील."

सगळेच. तिच्या आकड्यावर एकाचा ओटा पडला होता, एकीचं अर्धं स्वयंपाकघर गेलं होतं. ती बाई काउंटरवर येऊन रडली तेव्हा हिने तिला ठणकावून सांगितलं होतं की आकडा मिलिमीटरपर्यंत बरोबर आहे. आता कोणत्या तोंडाने सांगायचं की तो वीतभरसुद्धा खात्रीचा नव्हता, आणि मला ठाऊक होतं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती भ्याली. साहेबांनी पुढे केलेला कागद तिने तसाच ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

भिंत उभी राहिली. त्या संध्याकाळी आई सवयीने केस विंचरून, शाल घेऊन खुर्चीत तयार. हिने खुर्ची ढकलली. वाटेच्या तोंडाशी दोन्ही चाकं खर्रकन विटांना घासली आणि थांबली. पलीकडून नाक्यावरचे आवाज येत होते, कुणीतरी मोठ्याने हसलं. आईने मान उंच करून पाहिलं, पण इथून विटांखेरीज काही दिसत नव्हतं.

"किती कमी पडतंय?"

"साडेछत्तीस मिलिमीटर."

"मला कळेल असं सांग."

तिने दोन बोटं जोडून आईसमोर धरली. आईने ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. कितीतरी वेळ सोडली नाहीत.

"एवढंच?"

"हो."

"आणि हा आकडा काढला कुणी?"

"मी."

आई एवढी तोंडाची फटकळ, पण ओरडली नाही. उलट तिचा चेहरा उजळला.

"मग काळजी कसली, वेडाबाई? तूच काढलास ना, तूच बदल."

लेकीने बोटं सोडवून घेतली, खुर्ची घराकडे वळवली. काउंटरवर माणसांना सांगायच्या नेमक्या त्याच आवाजात ती म्हणाली, "उद्या बघू."