एकाच रंगाच्या तारा

रविवार, दिनांक ८ ऑक्टोबर १९८९ रोजी सकाळी साडेनऊ वाजता, बदलापूर पूर्वेस नवसू मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडसमोर मी उभा होतो. आणि त्याच्या कामात एक तरी चूक सापडावी, अशी माझी मनोमन इच्छा होती.

श्यामकांत माझा मित्र. अंबरनाथच्या एकाच कारखान्यात आम्ही अधिकारी; मी विद्युत विभागात. त्याच्या वडिलांची एकवीस वर्षांची मोटारसायकल दर रविवारी माझ्या दारात येई, आणि तिच्याबरोबर तोही. दिवा गेला, की मी बॅटरीपासून थेट नवी तार ओढी. हॉर्न मुका झाला, की हँडलला आणखी एक बटण बसवी. उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारातून मी लाल तारेचे अख्खे भेंडोळे आणले होते, म्हणून माझ्या साऱ्या तारा लालच. कुठली कशाची, हे केवळ मला ठाऊक. त्यामुळे त्याला दुसरीकडे जाता येत नसे, आणि यालाच मी अकरा वर्षे मैत्री म्हणत आलो.

दसरा तोंडावर आला असता त्याने गाडी मला न विचारता नवसूकडे दिली. हा नवसू बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा, फार तर पंचविशीचा. वर श्यामकांतने मलाच परीक्षक नेमले. "तू तपास," तो म्हणाला. "तू नापास केलीस, तर गाडी पुन्हा तुझ्या दारात."

नवसूने जुनी वायरिंग अखंड उतरवली होती. फळीवर खिळे ठोकून त्याने तिचा आकार आखून घेतला होता, आणि त्या खिळ्यांमधून प्रत्येक तार मूळ रंगाची, मूळ लांबीची नव्याने ओवून मग गाडीत बसवली होती. हे मला का सुचले नाही, यापेक्षा हे त्याला का सुचावे, हा प्रश्न मला अधिक छळू लागला.

तासभर मी टेस्ट लॅम्प फिरवला. फ्यूजवरून वाद घातला, अर्थिंगवरून घातला. नवसू सांगाड्याचा रंग खरवडून घट्ट बसवलेला अर्थिंगचा बोल्ट दाखवी. त्याची बायको बाळी चहा घेऊन आली. "घ्या साहेब," ती म्हणाली. "गाडी काय पळून जात नाय."

चूक सापडेना. तेव्हा मी त्याला आव्हान दिले, की अकरा वर्षे ही गाडी माझ्याच जोडण्यांवर धावली. त्यांतली एक तरी सैल निघाली असेल, तर त्याने सांगावे. नवसूने श्यामकांतकडे पाहिले.

"सांग, खरं असेल ते," श्यामकांत म्हणाला.

नवसूने उतरवलेल्या वायरिंगमधली, माझ्या लाल तारांखालची मूळची एक तार सोलून माझ्या तळहातावर ठेवली. आतले तांबे हिरवे पडले होते. चिमटीत त्याचा भुगा झाला.

"जोडनी तुमची पक्की हाय, साहेब," तो म्हणाला. "पन खालची तार कुजली, ती तुम्ही कवा सोलून बघलीच नाय. काम चुकीचा केलाय."