साबणाच्या पाण्यातली तिसरी बॅच

तिसरी बॅचही फसली, तेव्हा तिने अत्तरकाकांचं नाव साहेबांच्या कानावर घातलं. संशय पहिल्या बॅचपासूनच होता. आता तो पोटात ठेवणं जमेना.

अंगाला कायम ॲसिटोनचा वास, म्हणून अत्तरकाका. रसायनं विरघळवायला वापरलेलं सॉल्व्हंट आपल्या शेडमध्ये उकळून पुन्हा शुद्ध करायचं आणि बॅचआधी रिॲक्टरचं मोठं भांडं धुवायचं, ही त्यांची सव्वीस वर्षांची कामं. आणि ही केमिस्ट, सहा महिन्यांच्या लेकीला पाळणाघरात ठेवून कामावर परतलेली, म्हणत होती की सॉल्व्हंट नकोच. पाण्यात साबणाच्या जातीचं द्रव्य थोडंसं टाकायचं. त्याचे डोळ्यांना न दिसणारे गोळे होतात, तेलकट पदार्थ त्यांत शिरतात आणि तिथेच त्यांची एकमेकांशी गाठ पडून माल तयार होतो. वर प्रयोगशाळेत अकरा वेळा जमलं होतं. खाली कारखान्यात मात्र दरवेळी ढवळणीला चिकटलेला डिंक.

"तेल आणि पाणी एकत्र नांदवताय होय?" काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "मग माझ्या शेडला टाळंच लावा."

हसत म्हणाले होते. ते हसणंच तिच्या डोक्यात घर करून बसलं.

"पाळी संपली की बोलावतो," साहेब म्हणाले. "मुद्दाम केलं असेल तर उद्यापासून घरी."

काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. तरी तिने नाव मागे घेतलं नाही.

दुपारी चौथ्या बॅचची तयारी सुरू झाली. ती खांबाआड उभी राहिली. काकांनी धुतलेल्या रिॲक्टरमध्ये आख्खा कॅन ओतला, इकडेतिकडे पाहिलं आणि झाकण लावलं. सापडले, असं वाटून ती तरातरा पुढे गेली.

"काय ओतलंत?"

"ॲसिटोन," काका सहज म्हणाले. "विसळलं की भांडं झटकन सुकतं. पाण्याचा थेंब राहायला नको ना."

"अहो, पण आपण त्यात पाणीच भरणार आहोत."

"तेच म्हणतो मी. पण तुमच्या कागदावर आहे तसं."

ही सारवासारव तिला पटली नाही. "आणि सगळं बाहेर येतं?"

"खालच्या वाकड्या पाइपात राहतं पंधरा-वीस लिटर. जुन्या बॅचना काय फरक पडायचा? सगळं सॉल्व्हंटच."

दोनशे लिटरच्या बॅचमध्ये वीस लिटर. साबणाचे गोळे मोडायला तेवढं ॲसिटोन पुरे होतं.

तिने भिंतीवरचा कागद वाचला. मुद्दा चौथा: रिॲक्टर ॲसिटोनने विसळून कोरडा करावा. खाली तिचीच सही. लेकीला मांडीवर घेऊन, एका हाताने, जुनी पद्धत तिने जशीच्या तशी उतरवली होती.

"काका, ही बॅच जमली तर तुमची शेड बंद पडेल."

"पडेल. म्हणून मी माल नासवू?" काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तसं वाटलं होतं की काय तुम्हाला?"

तिने भिंतीवरून कागद काढला आणि जिना चढली. साहेब फोन ठेवत होते.

"चौथा मुद्दा माझा आहे," ती धापा टाकत म्हणाली. "काकांनी मी लिहिलं तेच केलं."

"पाळी संपत आली म्हणून आत्ताच बोलावलंय मी त्यांना."

दारात वास आला. काका हात पुसत उभे होते. "कशाला बोलावलंत, साहेब?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी सांगते," ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. काका बसले नाहीत.