घरचा सा, चर्चचा सा

मित्रांनो, मी एक जुना हार्प्सिकॉर्ड आहे. नाव ऐकून बिचकू नका. मला पाहिले की मुले "पियानो, पियानो" करत धावत येतात, एखादी पट्टी दाबून बघतात आणि नाक मुरडतात. पियानोच्या पांढऱ्या असतात त्या माझ्या पट्ट्या काळ्या, आणि त्याच्या काळ्या त्या माझ्या पांढऱ्या. आवाजही वेगळा, किणकिणणारा. मी पियानो नाही, पियानोच्या आधीचा आहे. हे मी जरा ताठ मानेने सांगतो, कारण मिरवण्यासारखे माझ्याकडे आता फारसे काही उरलेले नाही.

थुरिंगिया या जर्मन मुलखातल्या लिंडेनरोडा नावाच्या गावात १७२९ साली केस्नर नावाच्या सुताराने मला घडवले. त्याच्या दुकानात पाळणेही होत आणि शवपेट्याही, पण माझ्यासाठी त्याने देवदाराची फळी निवडायला दोन महिने घालवले. फळी कानाशी धरायची, बोटाने टिचकी मारायची आणि मान हलवून बाजूला ठेवायची, असा त्याचा क्रम चाले. शेवटी एक फळी पसंत पडली. मग तारा ताणल्या, खुंट्या बसवल्या आणि प्रत्येक तारेजवळ कावळ्याच्या पिसाचा एक टोकदार तुकडा लावला. पट्टी दाबली की ते पीस तार छेडते. हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो. माझा हा दोष आहे असे पुढे फार लोकांनी सांगितले. त्या काळी मात्र कुणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मला घेतले गावच्या कॅन्टरने. कॅन्टर म्हणजे चर्चचे गाणेबजावणे सांभाळणारा आणि शाळेत मुलांना गायला शिकवणारा माणूस. आमच्या कॅन्टरचे नाव टोबियास त्साइडलर. तब्येतीने बारीक, स्वभावाने तापट, पण संगीतापुढे लोण्याहून मऊ. दर रविवारी त्यांना चर्चसाठी काहीतरी नवे रचावे लागे. सोमवारी ते माझ्यापुढे बसून रचना लिहीत आणि बुधवारी घरातली सगळी मंडळी जेवणाच्या टेबलावर तिच्या प्रती उतरवत. शुक्रवारी माझ्याभोवती तालीम होई, रविवारी ते सारे चर्चमध्ये वाजे आणि सोमवारी पुन्हा कोरा कागद. "या घरात पावापेक्षा शाई जास्त खपते," असे कॅन्टरची बायको मागडालेना म्हणायची, आणि सलगमाच्या सूपमध्ये पडलेला शाईचा थेंब चमच्याने काढून दाखवायची.

माझे काम खर्जाचे. कागदावर खर्जाची एकच ओळ असे आणि तिच्यावर बारीक आकडे. त्या आकड्यांवरून बाकीचे सूर वाजवणाऱ्याने स्वतःच भरायचे. गाणारे पुढे उभे राहून वाहवा मिळवत. पण मी थांबलो की त्यांच्या पायाखालची जमीन जाई, हे त्यांनाही ठाऊक होते.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमच्या गावात दोन सा होते. घरचा सा वेगळा आणि चर्चचा सा वेगळा! चर्चमधला थोरला ऑर्गन फार जुना. तो माझ्यापेक्षा एक पूर्ण सूर वर लागायचा. बांधणाऱ्याने कथील वाचवायला नळ्या आखूड केल्या, म्हणून सूर चढला, असे लोक हसून सांगत. पण सनईसारखा ओबो, व्हायोलिन आणि मी, आम्ही सगळे घरच्या 'सा'चे. मग चर्चमध्ये ऑर्गनशी जमायचे कसे? तर ऑर्गनवाल्याची प्रत मुद्दाम एक सूर खाली उतरवायची. वाजवणारा एक सूर खालचे वाजवी, चढा ऑर्गन ते आपोआप वर नेई, आणि सगळे एकत्र येत. त्या मुलखातल्या कुठल्याही कॅन्टरच्या घरात हे पोरासोरांनाही पाठ असे.

आमच्या चर्चमध्ये ऑर्गन कॅन्टर स्वतःच वाजवत, आणि त्यांच्यासाठी ही खालच्या सुराची प्रत घरी युस्टीना उतरवी. ती कॅन्टरची एकुलती एक मुलगी. नवव्या वर्षी तिच्या हातात टाक आला तो सुटलाच नाही. तिचे लग्न झाले नाही. आई त्याचा दोष शाईने काळ्या झालेल्या बोटांना द्यायची. युस्टीना नुसती हसे. माझ्या तारा तीच जुळवी, मोडकी पिसे तीच बदली, आणि घरात कुणी नसले की मला फार सुंदर वाजवी. चर्चमध्ये मात्र वाजवणाऱ्यांच्या सज्जात बाईमाणसाने चढायचे नाही, असा सक्त नियम होता. म्हणून रविवारी ती खाली बायकांच्या बाकावर बसून आपण उतरवलेले ऐकत असे.

असा माझा सुखाचा काळ पस्तीस वर्षे चालला. मग कॅन्टरची बोटे संधिवाताने सुजू लागली. त्यातच नगराध्यक्ष डिटमार यांच्या कानाला नव्या चालीच्या संगीताची गोडी लागली होती. चारपाच सूर एकमेकांत गुंतवलेले आमच्या कॅन्टरचे काम त्यांना जड वाटे. लोकांना आता एकच गोड चाल आणि खाली हलकी साथ हवी, असे ते म्हणत. मनाने ते वाईट नव्हते. त्यांनी घरी येऊन, टोपी काढून, सरळच सांगितले.

"कॅन्टर, मायकेल देवदूताच्या सणाला सगळं नगरमंडळ ऐकायला येणार आहे. नीट झालं तर तुम्ही आहात तोवर तुम्हीच. पण कुठं अडखळलात, तर मग नव्या माणसाला जागा द्यायला हवी."

"आणि घर?" मागडालेनाने विचारले.

"घर नोकरीबरोबरचं आहे, बाई."

त्या दिवसापासून घरातले हसणेखिदळणे आटले. साठी उलटलेली दोन माणसे आणि लग्न न झालेली मुलगी, थंडीच्या तोंडावर जाणार कुठे? कॅन्टर गरम पाण्यात बोटे बुडवून बसत आणि मग माझ्यावर सराव करत. त्यांची बोटे पट्टीवर पडली की त्यांना किती दुखते, ते मला कळायचे.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी ऑर्गनचा भाता तुडवणारा लोरेंट्स धापा टाकत आला.

"कॅन्टरसाहेब, घात झाला! उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लं. पाय ठेवला की नुसतं फुस्स होतंय, सूर कसला निघतोय!"

"शिवता येईल?"

"अहो, शिवायला कातडं उरायला नको?"

घराच्या तोंडचे पाणी पळाले. मग कॅन्टरचे लक्ष माझ्याकडे गेले. "हा चला उचलून," ते म्हणाले.

मित्रांनो, माझी ती पहिली यात्रा. सहा जणांनी माझे पाय काढून मला खांद्यावर घेतले. वाटेत एका म्हातारीने हात जोडले आणि "कोण गेलं हो?" म्हणून विचारले. "अजून कुणी नाही, आजी. उद्या संध्याकाळी सांगतो," लोरेंट्स म्हणाला. सज्जाच्या जिन्यात मी दोनदा अडकलो. वर पोचेपर्यंत अंधार पडला आणि तालीम राहून गेली.

सकाळी लवकर, चर्च रिकामे असताना, युस्टीना चोरपावलांनी वर आली. गारठ्याने उतरलेल्या माझ्या तारा तिने जुळवल्या. मागून कॅन्टर आले.

"बाबा, कागद घेतलात ना?"

"इथंच आहे गं."

"कुठला घेतलात तो एकदा—"

"पस्तीस वर्षं इथं वाजवतोय मी. आता तू मला कागद शिकवणार? जा खाली, लोक यायला लागतील."

ती गेली. कॅन्टरनी ऑर्गनपुढचा कागद उचलला, पस्तीस वर्षे दर रविवारी उचलत होते तसाच, आणि माझ्यापुढे ठेवला. तो ऑर्गनचा कागद होता, एक सूर खाली उतरवलेला. जागा चर्चची होती, पण आज सा घरून आला होता. हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. मला दिसत होते. पण आमच्या जातीला बोटाशिवाय बोलता येत नाही.

घंटा झाली. नगरमंडळ पुढच्या बाकांवर बसले. तुताऱ्या, ओबो आणि व्हायोलिन एका दमात उठले, आणि त्यांच्याबरोबर मी पहिला सूर दिला. देवा रे! सगळे एका सुरात आणि मी एक सूर खाली. रविवारच्या टेबलावर कुणी ताट फेकून द्यावे तसा आवाज झाला. कॅन्टरनी दुसरा सूर दाबला, तिसरा दाबला. कान सांगत होते की चुकतेय, डोळे सांगत होते की बरोबर आहे. त्यांचे हात माझ्यावरच थिजले. एकेक वाद्य गप्प झाले. खाली कुणीतरी खोकले. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली, भरभर, घागऱ्याच्या सळसळीसकट.

"अगं, तू वर कशी?" कॅन्टर पुटपुटले.

"बाबा, सरका. एक सूर वर वाचायचंय."

"तुला बघितलं तर—"

"बघितलंय सगळ्यांनी. सरका."

ते सरकले. युस्टीना बसली, ओबोवाल्याकडे पाहून तिने मान हलवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कागदावर खालचे सूर, तिच्या बोटांत वरचे. वरचे आकडेही तिने पाहता पाहता फिरवले. एकाही जागी तिचे बोट अडखळले नाही. कॅन्टर शेजारी उभे राहून हाताने ताल देत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. मी आयुष्यात पुष्कळ वाजलो, पण त्या दिवसासारखा पुन्हा कधी वाजलो नाही.

प्रार्थना संपली तसे डिटमार वर आले. मागोमाग मागडालेनाही, कारण आता नियम मोडलाच होता.

"शेवट चांगला झाला," डिटमार म्हणाले. "पण सुरुवातीला जे झालं ते काय होतं? चूक कुणाची?"

कॅन्टर तोंड उघडणार, तोच युस्टीना म्हणाली, "माझी. मी प्रत चुकीची उतरवली. बाबांनी समोर होतं तेच वाजवलं."

ओबोवाल्याने खाली पाहिले. खरे त्याला ठाऊक होते. डिटमारांना हायसे वाटलेले दिसले. म्हाताऱ्याला घराबाहेर काढायची त्यांना काही हौस नव्हती.

"मग ठीक आहे. कॅन्टर अडखळले असं म्हणता येणार नाही. मुलगी आहे, चुकायचीच. यापुढे प्रती कुणा जाणत्याकडून उतरवून घ्या, आणि हिला पुन्हा टाकाला हात लावू देऊ नका. तसं मंडळाच्या वहीत लिहून घेतो, म्हणजे विषय मिटला."

घर वाचले होते. मागडालेनाने नवऱ्याचा अंगरखा मागून घट्ट धरला. "अहो, गप्प बसा," ती कुजबुजली. "तुम्हाला माझी शपथ."

कॅन्टरनी माझ्यावरचा कागद उचलला आणि डिटमारांच्या हातात दिला.

"हा कागद बरोबर आहे, साहेब. ऑर्गनसाठी आहे, आणि ऑर्गनसाठी अगदी बिनचूक आहे. तो या वाद्यावर ठेवला मी. पोरीनं सकाळी विचारलं होतं, मी तिलाच झापलं. बावीस वर्षं उतरवतेय ही. एक टिंबसुद्धा चुकलेलं नाही."

"बाबा!" युस्टीना रडवेली झाली.

"कॅन्टर," डिटमार हळू आवाजात म्हणाले, "मी काहीच ऐकलं नाही असं समजतो. घराचं काय होईल, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. वहीत एवढंच लिहा, की प्रत बरोबर होती. तिचं नाव घालून लिहा."

नोव्हेंबर लागायच्या आत आम्ही घर सोडले. कातडी कमावणाऱ्याच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या. वास असा, की खिडकी उघडावी की लावावी हेच कळू नये. एका खोलीत मी, आणि अंथरुणाला दुसरी जागा नसल्यामुळे माझ्या पोटाखाली युस्टीना. मागडालेना पंधरा दिवस नवऱ्याशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी म्हणाली, "सूप निवतंय. का तो बिनचूक कागदच खाणार आहात?" आणि मग दोघेही हसले.

नवा कॅन्टर पोरगेलासा होता. पहिल्याच महिन्यात तो कागदांचे भेंडोळे घेऊन आमच्या दारात उभा राहिला. प्रती उतरवणारे दोघे त्याने करून पाहिले, दोघांनीही घोळ घातला. शेवटी त्याने नगरमंडळाची वही चाळली. 'युस्टीना त्साइडलर हिने उतरवलेली प्रत निर्दोष होती,' असे तिच्यात नगराध्यक्षांच्या सहीनिशी लिहिले होते. अशी नोंद गावात दुसऱ्या कुणाच्याच नावावर नव्हती.

"उतरवून द्याल का?" त्याने विचारले.

युस्टीनाने वडिलांकडे पाहिले. कॅन्टर खिडकीकडे तोंड करून बसले होते. ते वळले नाहीत, पण त्यांचे कान लालबुंद झाले.

"कुठल्या 'सा'साठी, ते आधी सांगा," युस्टीना म्हणाली आणि तिने टाक उचलला. पुढे सत्तरी गाठेपर्यंत त्या चर्चची प्रत्येक प्रत तिच्या हातची होती.

मित्रांनो, नंतर हातोडीचा पियानो आला. त्याला हळू बोलता येते, जोरातही बोलता येते. खर्जावरचे आकडे गेले, नव्या चाली आल्या. खरे सांगतो, त्या गोड होत्या. युस्टीना गेल्यावर माझ्यावर कपडे वाळत घातले, उंदीर राहून गेले, आणि आता मी एका वाद्यांच्या जुन्या कोठीत तीन पायांवर उभा आहे. चौथ्या जागी विटा आहेत.

माझी तक्रार नाही, एक विनंती तेवढी आहे. माझ्यासारखे कुणी जुने भेटले, तर त्याच्यावरची धूळ पुसा, तारा जुळवा, ओल लागू देऊ नका. पट्टी दाबलीत आणि सूर चुकीचा आला, तर लगेच झाकण आपटू नका. त्याच्यापुढे कागद कुणी ठेवला, ते विचारा. आणि ठेवणारे तुम्हीच असाल, तर ते मोठ्याने सांगा, घर गेले तरी.