आवाज एकवर

न विचारता त्या सेल्समनने माझ्या हातातली गिटार ओढून घेतली, तेव्हाच मला त्याची किळस आली. गिटारचा आवाज वाढवणारा जुना अँप जळाला होता, म्हणून घरी सरावासाठी लहानसा नवा हवा, एवढंच मी म्हटलं होतं. त्याने एकेक अँप लावला, आवाज आठवर नेला, डोळे मिटले आणि तारांवर तुटून पडला. प्रत्येकातून तीच खरखर, तोच गोंगाट. वर त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या गिटारवर टपटप गळत होता.

"कसला दणका आहे बघा, काका!"

काका? माझं डोकंच फिरलं. "चुलीत घाल तुझा दणका! भिंतीपलीकडे माझ्या सासूबाई झोपतात. आवाज एकवर आण, खरखरीचं बटण बंद कर आणि मग वाजव."

तो चाचरला. स्वच्छ आवाजात त्याची बोटं उघडी पडली. निम्मे सूर बसके, निम्मे भलतेच.

"आणि हा लोकांना वाजवून दाखवतो म्हणे!" मी सोबत आलेल्या बायकोकडे बघून नाक मुरडलं. गिटार रुमालाने पुसून घेतली आणि त्याच अँपवर, एकवरच, सहा वर्षं घोटलेली माझी धून सुरू केली.

चौथ्या सुरालाच माझा हात थांबला. इतकी वर्षं मीही खरखरीआडच वाजवत होतो.

बायको पुढे झाली आणि अगदी हळू आवाजात तिने सेल्समनला विचारलं, "या अँपला हेडफोन कुठे लावायचा?"