थांबा म्हणणारा दुकानदार

गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या गळ्यात काहीतरी मारायचं, ही दुकानदारीतली पहिली गोष्ट हेमेंद्रला कधी जमलीच नाही. जयेंद्रगंज बाजारात त्याचं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान होतं. कीबोर्ड, माउस आणि दुरुस्तीवर ते बरं चालायचं. पण कुणी भारी मशीनचं नाव काढलं, की हा खुर्ची पुढे ओढायचा, चहा मागवायचा आणि तासाभरानं ते गिऱ्हाईक मोठ्या आनंदानं रिकाम्या हाती घरी जायचं.

त्या शनिवारी दुपारीही तेच झालं. पडाव भागात हॉटेल असलेले दिग्विजयसिंह आले होते.

"हेमेंद्रभाई, मुलीला व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय. सगळ्यात बढिया मशीन द्या, बस."

"देईन की. पण आत्ता घेऊ नका," हेमेंद्रचे डोळे चमकले. "नवा प्रोसेसर येतोय. कोअर म्हणे दीडपट. परवा कुणीतरी नव्या मदरबोर्डाचा फोटो फोडलाय, त्यात सॉकेटच वेगळं दिसतंय. म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागाच बदलणार. आजचा बोर्ड घेतलात तर उद्याचा प्रोसेसर त्यावर बसायचाच नाही!"

"अरे बाप रे. मग येणार कधी?"

"कुणी जानेवारी म्हणतं, कुणी जून."

"पक्का?"

"पक्कं कोण सांगणार? पण येतोय."

दिग्विजयसिंहांनी त्याचे आभार मानले आणि एक माउस घेऊन ते गेले.

मागच्या टेबलाशी पंचांग उघडून बसलेल्या बळवंतरावांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं. ह्यांचे पूर्वज दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले ते मुहूर्त सांगायला, आणि शहराच्या लष्कर भागातली बरीचशी मराठी घरं अजून लग्नमुंजीची तारीख बळवंतरावांनाच विचारत. घरी थोरल्या लेकाच्या पोरांचा गोंधळ, म्हणून ते हल्ली दुकानातच बसत.

"आपल्या घराण्यात आठवी पिढी तारखा सांगतेय," ते म्हणाले. "फरक एवढाच, मी सांगितलेल्या तारखेला लग्न लागतं."

हेमेंद्र हसला. त्याला राग यायचा नाही. लबाडी म्हणून तो कुणाला थांबवत नव्हता, त्याला खरंच वाटायचं की आज घेणारा उद्या हळहळेल. तीन वर्षं तो स्वतःही थांबला होता आणि दुकानाचा हिशेब एका खडखडणाऱ्या जुन्या डब्यावर करत होता.

एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत मात्र हे निम्मंच खरं होतं. ते गिऱ्हाईक म्हणजे कंपू मोहल्ल्यातली मंजिरी. ती मुलांसाठी छोट्या कार्टून फिल्म करायची. तिच्या लॅपटॉपला एका मिनिटाची फिल्म तयार करायला दोन दिवस लागायचे, आणि तेवढ्या वेळात त्यावर पोळ्या भाजता आल्या असत्या. सव्वा वर्षापूर्वी ती नवं मशीन घ्यायला आली. हेमेंद्र म्हणाला, थांबा. दोन महिन्यांनी ती परत आली, हा परत म्हणाला, थांबा. मग ती येतच राहिली. ती येऊन गेली की हेमेंद्र दिवसभर गुणगुणायचा आणि दुरुस्तीचे पैसे घ्यायला विसरायचा. त्याचा तिच्यावर जीव जडला होता. मशीन एकदा दिलं की ती पुन्हा कशाला येईल, ह्या भीतीनं तो नव्या प्रोसेसरच्या अफवा इतक्या मन लावून वाचायचा, की कॉलेजात असं वाचलं असतं तर सुवर्णपदक मिळालं असतं.

त्याच संध्याकाळी मंजिरी आली. स्कूटी लावून सरळ आत आली आणि बसलीच नाही.

"नमस्कार काका. हेमेंद्र, आज चहा नको. एक विचारते आणि जाते. घेऊ की थांबू?"

"बसा तर खरं. आजच एक नवी बातमी..."

"मला हैदराबादच्या कंपनीत जॉब मिळतोय," मंजिरी म्हणाली. "मशीन त्यांचंच, एकदम तगडं. सोमवारी उत्तर द्यायचंय. इकडे पुण्याच्या एक बाई मुलांच्या दहा गोष्टींचं काम देतायत, घरी बसून करता येईल. मला तर तेच करायचंय यार, पण माझ्या लॅपटॉपवर दहा गोष्टी व्हायला दहा वर्षं लागतील. म्हणून विचारते, घेऊ की थांबू? तुम्ही थांबा म्हणालात तर मी हैदराबाद."

हेमेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. सव्वा वर्ष ज्या शब्दानं त्यानं तिला परत परत यायला लावलं होतं, तोच शब्द आता तिला गावाबाहेर काढणार होता. त्यानं सवयीनं फोनकडे पाहिलं. फोनवर खरंच एक नवी अफवा येऊन पडली होती. नवा प्रोसेसर अलीकडे ओढलाय म्हणे, नोव्हेंबरातच येणार. म्हणजे जेमतेम महिनाभर. आणि ह्या खेपेला तो प्रामाणिकपणे थांबा म्हणू शकला असता.

"काय झालं?" मंजिरीनं विचारलं.

खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, आणि खरं बोलायचं तर ती जात होती. तो केविलवाणा होऊन मागच्या टेबलाकडे वळला. "बाबा, एखादं स्थळ चांगलं आहे, घरचे तयार आहेत, पण मनासारखा मुहूर्तच निघत नाही. अशा वेळी तुम्ही काय करता?"

बळवंतरावांनी पंचांग मिटलं.

"गोरज मुहूर्त देतो," ते म्हणाले. "दिवस मावळायच्या वेळेचा. गायी घरी येतात ती वेळ. घटका-पळं मोजत बसलं तर कधीच काही होत नाही रे. ज्याचं कशातच जमत नाही, त्याचं गोरजावर लागतं, आणि त्यांचे संसारही झकास होतात. तुझ्या आईचं नि माझं गोरजावरच लागलं."

हेमेंद्रनं बाहेर पाहिलं. जयेंद्रगंजातल्या गायी दिवसभर रस्त्याच्या मधोमधच बसलेल्या असतात, त्या घरी काय येणार? पण त्यातली एक खरोखर उठली आणि दोन रिक्षांना खोळंबवत गल्लीकडे चालू लागली. आभाळ तांबडं झालं होतं.

"घ्या," हेमेंद्र म्हणाला. "आत्ता घ्या. इथंच जोडतो."

"आत्ता? सामान?"

सामानाची काय ददात? वर्षभर साऱ्या गावाला थांबवल्यामुळे दुकानातला उत्तमोत्तम माल जसाच्या तसा कपाटात होता. हेमेंद्रनं खोकी उतरवली. मदरबोर्ड टेबलावर आडवा ठेवला, सॉकेटची कडी उघडली आणि प्रोसेसर दोन बोटांनी अलगद बसवला. रोजचं काम, पण आज त्यानं ते दोनदा तपासलं. मंजिरी रॅमच्या पट्ट्या उघडून एकेक पुढे करत होती.

"मंजिरी, एक सांगायचंय," तो पेचकसानं पंख्याचे स्क्रू घट्ट करताकरता म्हणाला, कारण तिच्याकडे बघून ते बोलता आलं नसतं. "सारखं थांबा म्हणायचो ना, त्यातलं निम्मंच प्रोसेसरसाठी होतं. मशीन दिलं की तुम्ही याल का नाही, ह्याची भीती वाटायची. आणि हेही सांगतो, नवा नोव्हेंबरात येतोय म्हणे. महिनाभर थांबलात तर..."

"झालं सुरू!" मंजिरी खळखळून हसली. "अहो, पहिल्या दोन खेपा मी मशीनसाठी आले. नंतर कशाला येत होते, वाटलं तुम्हाला? मला एका फोनवर कळलं नसतं का, तुमचा प्रोसेसर आला की नाही ते?"

पेचकस हेमेंद्रच्या हातातून खाली पडला. टेबलाखाली शोधताना तो जरा जास्तच वेळ खाली राहिला, आणि वर आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता.

मशीनची कळ दाबली. पंखे फिरले, पडदा उजळला. मंजिरीनं पेनड्राइव्ह लावून तिची नवी फिल्म चढवली. तीळगुळाच्या चिवट गजकेत चोच अडकलेली एक चिमणी. लॅपटॉपवर दोन दिवस घेणारी ती चिमणी बळवंतरावांचा चहा संपायच्या आत तयार झाली आणि पडद्यावर पंख फडफडवत, गजकेसकट उडाली. म्हातारा लहान मुलासारखा टाळ्या वाजवायला लागला. मग मंजिरीनं तिथंच उभ्याउभ्या हैदराबादला दोन ओळींचा नकार लिहून टाकला.

हेमेंद्रच्या फोनवर पुन्हा टिंग वाजलं. त्यानं तो न बघताच खिशात घातला, आणि हे बळवंतरावांनी बरोबर पाहिलं. त्यांनी पंचांग पुन्हा उघडलं, बोट ओलं करून पानं उलटली.

"मंजिरी, तुझ्या आईला, उषाताईंना, उद्या भेटायला येतो म्हणून सांग," ते म्हणाले. "आता दिवाळी तोंडावर आलीय. तुळशीचं लग्न झालं, की त्यानंतरचा पहिलाच चांगला दिवस तुम्हा दोघांसाठी काढतो."

"सांगते, काका," मंजिरी हसत म्हणाली. हेमेंद्र मात्र पुढे झाला आणि बापाच्या खांद्यावरून पंचांगात डोकावला.

"एवढं थांबायचं?" त्यानं विचारलं.